शहर जिंकले, आता पगाराचा दिवस

प्रश्न : मी गेली दोन वर्षे एक फँटसी कादंबरी लिहीत आहे. माझी नायिका सतरा वर्षांची आहे. तिच्या आजोबांचे राज्य बळकावले गेल्यामुळे ती परमुलखात वाढली. पुढे दोन अग्निगरुड तिच्या आज्ञेत आले, भाडोत्री सैनिकांची एक पलटण तिच्यामागे उभी राहिली आणि तिने तांब्याच्या खाणींवर श्रीमंत झालेले एक बंदराचे शहर जिंकून तेथील सर्व दासांना मुक्त केले. इथपर्यंतची २३० पाने भराभर लिहून झाली. आता ती सिंहासनावर बसली आहे आणि माझी लेखणी अडली आहे. माझा मोठा भाऊ माझा पहिला वाचक आहे. तो म्हणतो, ‘ही पोर जिंकेल, पण राज्य करणे तिच्या आवाक्यातले नाही. एक तर तिला शेवटी वेडी कर, नाहीतर राज्याभिषेकापाशीच कादंबरी संपव.’ जिंकून आलेली तरुण राणी चांगले राज्य करू शकते, हे वाचकांना पटेल का? की दादाचे म्हणणे खरे आहे?
— अडलेली लेखिका

उत्तर :

प्रिय लेखिका,

सप्रेम नमस्कार. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घरातली भांडणे, नोकरीतली घुसमट आणि जुळता जुळता मोडलेली लग्ने यांचाच भरणा असतो. त्यामुळे जी अजून कागदावरही पुरती उतरलेली नाही अशा एका राणीची काळजी वाहणारे तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचले ते निव्वळ आनंदासाठी. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ते पटवून देण्यासाठी तुमच्या राणीला जे करावे लागेल ते तुम्ही आतापर्यंत रंगवलेल्या लढायांच्या मानाने फारच रूक्ष आहे, आणि तुमची लेखणी त्या रूक्षपणाला बिचकूनच थांबली असावी असा माझा तर्क आहे.

वयाचा मुद्दा आधी निकाली काढू, कारण दादांच्या म्हणण्यातला सर्वांत कच्चा भाग तोच आहे. अकबर १५५६ साली गादीवर आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. पहिली चार वर्षे कारभार त्याचा पालक बैरामखान याच्या हाती होता हे खरे; पण त्याला दूर केल्यानंतर युद्धात पकडलेल्यांच्या बायकामुलांना गुलाम करण्यास बंदी १५६२ मध्ये आली, यात्रेकरूंवरचा कर १५६३ मध्ये उठला आणि जिझिया १५६४ मध्ये रद्द झाला, म्हणजे हे तिन्ही निर्णय त्या मुलाने विशीच्या उंबरठ्यावर असताना घेतले. पोलंडच्या यादविगाला १३८४ साली क्राकूव येथे मुकुट चढवण्यात आला तोही ‘राजा’ या पदवीने, तेव्हा ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. १३८७ मध्ये, म्हणजे तुमच्या नायिकेहून लहान असताना, ती स्वतः सैन्य घेऊन रुथेनियाचा प्रांत परत मिळवायला निघाली आणि बहुतेक ठिकाणी लढाई न होता तो तिच्या हाती आला, कारण शहरांचे जुने हक्क ती कायम करत चालली होती. हे उदाहरण दादांना अवश्य सांगा. आणि ओघात एवढेही विचारा, की अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३३६ मध्ये विसाव्या वर्षी राजा झाला याचे त्यांना आश्चर्य वाटते का. कथेतला तरुण राजपुत्र जग जिंकतो तेव्हा त्याच्या कारभाराच्या पात्रतेचा दाखला सहसा कोणी मागत नाही. राजकन्या जिंकली की मात्र पहिल्याच दिवशी तिची परीक्षा सुरू होते. दादांनी हे जाणूनबुजून केले असेल असे मी म्हणत नाही, पण तुम्ही मात्र त्या सवयीला बळी पडू नका.

एवढे बोलून झाल्यावर मला दादांची बाजूही घ्यावीशी वाटते. त्यांना काहीतरी खटकले आहे. त्याचे कारण त्यांनी चुकीचे शोधले, इतकेच. तुमच्या पत्रातील सारांशावरून असे दिसते की २३० पानांत राणीला खूप काही मिळत गेले आणि त्याची किंमत कोणीच मागितली नाही. पलटण मागे उभी राहिली ती कशाच्या आशेने? दास मुक्त झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेले? शहरातल्या ज्या व्यापाऱ्याने रात्री वेशीची आगळ आतून काढली असेल (कोणीतरी काढलीच असेल, अशी शहरे सहसा तशीच पडतात), त्याला काय कबूल केले होते? विजय हा जवळजवळ नेहमीच उधारीवर मिळतो. जिंकण्यापूर्वी राणी प्रत्येकाला काहीतरी कबूल करते, आणि जिंकल्यानंतर ते सारे धनको एकाच दिवशी, एकाच खजिन्यासमोर रांगेत उभे राहतात. चांगले राज्य करणे म्हणजे ही देणी कोणत्या क्रमाने फेडायची आणि कोणती बुडवायची हे ठरवणे, आणि बुडवलेल्या देण्याचे परिणाम उघड्या डोळ्यांनी सोसणे. तुमच्या प्रश्नाकडे मी या एकाच खिडकीतून पाहणार आहे.

या रांगेत सर्वांत पुढे सैनिक असतो, कारण त्याच्या हातात शस्त्र असते. बाबराची हकीकत तुम्ही जरूर वाचा, कारण कल्पित कथेला लाजवील अशी ती आहे. १४९७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षात, त्याने सात महिन्यांच्या वेढ्यानंतर समरकंद घेतले. हे त्याच्या पूर्वजाचे, तैमूरचे शहर, लहानपणापासून स्वप्नात पाहिलेले. परंतु वेढ्याने शहर इतके खंगले होते की तेथील लोकांनाच बी-बियाणे आणि उसनवारी देण्याची वेळ आली होती. अशा लोकांकडून काय आणि कसे घेणार, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे. लूट मिळत नाही म्हटल्यावर त्याची माणसे एकेक करून पांगली. मागे त्याच्या वडिलोपार्जित राज्यात, फरगण्यात, काही सरदारांनी त्याच्या धाकट्या भावाला पुढे केले. बाबर स्वतः आजारी पडला, घर वाचवण्यासाठी समरकंद सोडून निघाला आणि वाटेतच त्याला कळले की घरही गेले. जिंकलेले शहर त्याच्याकडे सुमारे शंभर दिवस टिकले. या मुलाने वाईट राज्य केले का? उलट, प्रजेला लुटू न देण्याचा त्याचा निर्णय कोणत्याही नीतिग्रंथात शोभेल असाच होता. पण एका धनकोची कणव करताना दुसऱ्याचे देणे थकले आणि राज्य हातचे गेले. पुढे १५२६ मध्ये, पानिपतानंतर, त्याच माणसाने आग्र्याचा खजिना इतक्या सढळ हाताने वाटला की त्याची ‘कलंदर’ म्हणून ओळख झाली. तरीही उन्हाळ्याला कंटाळून काबूलला परत जाऊ पाहणाऱ्या सरदारांची समजूत त्याला घालावी लागलीच. दोन प्रसंगांमध्ये एकोणतीस वर्षांचे अंतर आहे. तुमच्या राणीपाशी एवढा अवधी नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा धडा काही प्रकरणांतच घडला पाहिजे, आणि तो स्वस्तात घडता कामा नये.

माझी सूचना अशी, की राज्याभिषेकानंतरच्या पहिल्याच प्रकरणात तुम्ही पगाराचा दिवस लिहावा. पलटणीचा नायक नम्रपणे येतो आणि तीन महिन्यांची थकबाकी मागतो. खजिन्यात तांब्याच्या विटा भरपूर आहेत, पण त्या विकत घेणारी गलबते युद्धाच्या बातमीने बंदरात यायची थांबली आहेत. खाणी बंद आहेत, कारण त्यांत राबणारे मुक्त झाले आहेत. म्हणजे तुमच्या राणीच्या सर्वांत उदात्त कृत्यानेच तिचे उत्पन्न बंद पाडले आहे. मला तुमच्या कथेतला हा सर्वांत समृद्ध भाग वाटतो, आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकू नये असे कळकळीने सांगावेसे वाटते.

कारण दासमुक्तीचा दिवस लिहिणे सोपे असते, आणि त्यानंतरचे वर्ष लिहायला कोणी धजावत नाही. प्रत्यक्ष इतिहासात या वर्षाने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. मुक्त झालेल्यांना एक पेनीही मिळाली नाही, उलट ‘उमेदवारी’ (म्हणजे शिकाऊपणा) या गोंडस नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांत राबावे लागले. त्याहूनही तुमच्या राणीच्या जवळचे उदाहरण तुसां लुव्हेर्त्यूर यांचे आहे. ते स्वतः गुलामगिरीत जन्मले होते आणि आज ज्याला आपण हैती म्हणतो त्या वसाहतीतील मुक्तीच्या लढ्याचे सेनानी होते. १८०१ मध्ये त्यांनी केलेल्या राज्यघटनेत गुलामगिरी कायमची नष्ट झाल्याचे लिहिले आहे, आणि त्याच घटनेने शेतमजुरांना मळ्यांशी बांधून ठेवले आहे. साखर आणि कॉफी परदेशी गेली नाही तर शस्त्रे आणि दारूगोळा येणार नव्हता, आणि तो नसता तर गुलामगिरी परत आणायला टपलेल्यांशी लढता आले नसते. हा हिशेब चुकीचा नव्हता. पण ज्यांना मुक्त केले होते त्यांनीच त्या वर्षाच्या शरद ऋतूत उठाव केला, आणि त्या उठावाबद्दल तुसां यांनी आपल्या पुतण्यासारख्या वाढवलेल्या सेनापतीला, मोईझला, गोळ्या घालून मारले.

हे वाचून तुम्हाला कदाचित वाटेल, की मी दादांचेच म्हणणे सिद्ध करत आहे. तसे नाही. मुक्तिदात्याला खाणी पुन्हा सुरू कराव्या लागतात, हे अटळ आहे. त्या कोणत्या अटींवर सुरू होतात यात मात्र राणीला निवड करता येते, आणि कादंबरीला लागणारे नाट्य त्या निवडीत आहे. कालपर्यंत ज्या बाईने भुयारात टोपल्या वाहिल्या ती उद्या पुन्हा तिथे उतरेल ती कशासाठी? रोजच्या मजुरीसाठी, खाणीच्या उत्पन्नातल्या वाट्यासाठी, की शिपाई मागे उभा आहे म्हणून? वाटा दिला तर पलटणीचा पगार लांबतो. शिपाई उभा केला तर मुक्तीचा जाहीरनामा कोरडा कागद होतो. तुमच्या राणीने यातले काहीही निवडले तरी वाचक तिच्याबरोबर राहील, फक्त ती निवड तिने स्वतः केली पाहिजे, आणि त्या बाईच्या समोर उभे राहून केली पाहिजे. एखाद्या दुष्ट सल्लागाराने परस्पर काहीतरी केले आणि राणीला ते नंतर कळले, ही पळवाट कृपा करून घेऊ नका. त्या पळवाटेने राणी निर्दोष राहते खरी, पण राज्यकर्ती उरत नाही.

आता हिशेबनिसांकडे वळू. तुमच्या कथेत जुन्या सत्ताधाऱ्यांचे कारकून कुठे आहेत? बहुधा पळाले, किंवा तुम्ही त्यांचा विचारच केलेला नाही. जिंकणाऱ्याला जमीन कोणाची, कर किती आणि कोणी बुडवला हे ठाऊक नसते. ते हरलेल्यांच्या दप्तरात असते, आणि त्या दप्तराची अक्षरे लावता येणारी माणसेही हरलेल्यांचीच असतात. अकबराच्या जमीनमहसुलाची घडी बसवणारा तोडरमल आधी शेरशहा सूरच्या चाकरीत होता, म्हणजे ज्याने अकबराच्या बापाला देशोधडीला लावले त्याच्या. दहा वर्षांच्या सरासरीवर बेतलेली त्याची ‘दहसाला’ पद्धत लागू झाली १५८० मध्ये, राज्यारोहणानंतर चोवीस वर्षांनी. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने गावोगावची जमीन, नांगर आणि गिरण्या मोजायला माणसे पाठवली ती विजयानंतर वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, आणि तीही इंग्रजांच्याच जुन्या परगण्यांच्या व्यवस्थेवर विसंबून. तुमच्या राणीला अशा एका म्हाताऱ्या कारकुनाची गरज आहे, जो तिचा तिरस्कार करतो, मुक्तीला मूर्खपणा समजतो, आणि ज्याच्यावाचून तिला शहराचे पाणी कोणत्या कालव्याने येते हेही कळणार नाही. त्याला मारायचे की पगारावर ठेवायचे? मला स्वतःला हे पात्र अग्निगरुडांपेक्षा अधिक आवडेल, पण ही माझी व्यक्तिगत आवड झाली.

हरलेल्यांचे देणे आणखी वेगळ्या प्रकारचे असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तेराव्या अधिकरणाचा शेवटचा अध्याय नव्याने जिंकलेला मुलूख शांत कसा करावा याविषयी आहे, आणि त्यात भावनेचा लवलेश नाही. शत्रूचे दोष आपल्या गुणांनी झाकावेत, कबूल केलेले द्यावे, करांत सूट द्यावी, बंदी सोडावेत, तेथील लोकांसारखा वेष, भाषा आणि आचार स्वीकारावा, त्यांच्या देवतांना आणि उत्सवांना मान द्यावा, असा तो रोखठोक उपदेश आहे. तुमची राणी परमुलखात वाढली आहे. शहराची भाषा तिला येते का? येत नसेल, तर तिचा न्यायनिवाडा दुभाष्याच्या तोंडून होतो, आणि मग शहरावर खरे राज्य दुभाषा करतो. दुभाष्याने एका निवाड्यात एकच शब्द मुद्दाम वेगळा सांगितला, तर काय घडेल ते पाहा.

करारभंगाचा शेवट काय होतो हे पाहायचे असेल, तर स्पेनमधील ग्रॅनडा या मुसलमानी राज्याकडे पाहावे. कॅस्टीलची राणी इसाबेला आणि तिचा पती फर्नांडो यांनी १४९१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रॅनडाच्या शरणागतीचा तह केला, त्यात मुसलमान प्रजेला तिचा धर्म आणि तिचे कायदे राखण्याचे वचन दिले आणि जानेवारी १४९२ मध्ये शहर ताब्यात घेतले. दहा वर्षे पुरी होण्याच्या आत सक्तीची धर्मांतरे सुरू झाली, अल्पुहारासच्या डोंगरांत बंड उठले, आणि त्या बंडाचेच निमित्त करून तहच मोडीत काढण्यात आला. इसाबेलाला तिच्या काळात कर्तबगार राणी मानले गेले, आजही अनेक जण मानतात. पण हे कर्तृत्व कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न ग्रॅनडाच्या एखाद्या विणकराला विचारला असता तर उत्तर वेगळे आले असते. ‘चांगले राज्य’ हे शब्द तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. कादंबरीत मात्र ते कोणाच्या तोंडी येतात यावर लक्ष ठेवा.

अशोकाची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, पण तिच्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हद्दपार केली गेली, असे सांगून पश्चात्ताप व्यक्त करणारा त्याचा तेरावा शिलालेख कलिंगात कोरलेलाच नाही. धौली आणि जौगड येथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, आणि त्यांत तेथील अधिकाऱ्यांना ताकीद आहे : सर्व माणसे माझी मुले आहेत, कोणाला विनाकारण बंदीत टाकू नका, आणि तुमची तपासणी करायला मी दर पाच वर्षांनी माणूस पाठवीन. याचा अर्थ इतिहासकारांनी निरनिराळा लावला आहे. मला त्यातून लेखकासाठी उपयोगी वाटते ते असे, की ज्यांची माणसे मारली गेली त्यांना राजाच्या दुःखाचे काय करायचे? त्यांच्या उपयोगाचा असतो तो नीट वागणारा तुरुंगाधिकारी. (कलिंग त्याने परत दिले नाही, हेही ध्यानात असू द्या.) तुमच्या नायिकेला विजयाच्या रात्री पश्चात्ताप होत असल्याचे एखादे हृदयद्रावक पान तुम्ही लिहून ठेवलेले असेल, तर ते राहू द्या, पण त्यापुढचे पान तिने नेमलेल्या तुरुंगाधिकाऱ्याचे असू द्या.

अग्निगरुडांविषयी थोडक्यात. अशा प्राण्यांची खरी अडचण त्यांच्या सामर्थ्यात नसून त्या सामर्थ्याला मधली पायरी नाही यात असते. सैनिक दार ठोठावू शकतो, जप्ती आणू शकतो, दंड वसूल करू शकतो. अग्निगरुड फक्त जाळू शकतो. आणि जळलेली जमीन कर देत नाही. विल्यमने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंडचे बंड चिरडण्यासाठी गावेच्या गावे बेचिराख केली, आणि सोळा वर्षांनी त्याच्याच मोजणीदारांनी यॉर्कशायरमधील कितीतरी गावांपुढे ‘उजाड’ एवढीच नोंद केली. राणीने एकदाच जाळावे आणि नंतर तिच्याच वसुली अधिकाऱ्याने त्या खेड्यापुढे तो शब्द लिहून वही तिच्यासमोर ठेवावी. ते दोन प्राणी रोज किती गुरे खातात आणि ती कोणाच्या गोठ्यातून येतात, हेही एकदा मोजून टाका.

राहिला वेडाचा प्रश्न. दादांचा हा पर्याय मी सपशेल नाकारतो, आणि त्यामागे माझी दया नसून कारागिरीचा विचार आहे. चारशे पानांत जी माणसे ओळखून दयामाया करत आली तिला शेवटच्या वीस पानांत वेड लागले, की वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटते, कारण आधीच्या प्रत्येक अवघड प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दाने पुसले जाते. क्रौर्याला वेडाची गरज नसते. ज्या अकबराने एकविसाव्या वर्षापर्यंत जिझिया उठवला, त्यानेच पंचविसाव्या वर्षी, १५६८ मध्ये, चित्तोड पडल्यानंतर कत्तलीचा हुकूम दिला. मेलेल्यांचा ३०,००० हा आकडा त्याचाच चरित्रकार अबुल फज़ल देतो. तो तेव्हा वेडा झाला नव्हता. लांबलेल्या वेढ्याची चीड होती, प्रतिकाराला जरब बसवण्याचा हिशेब होता, आणि पुढे याच माणसाच्या राज्यात तोडरमलाची घडीही बसली. तुमच्या राणीच्या हातून भयंकर काही घडायचे असेल, तर ते तिच्या शहाणपणाच्या भरात घडू द्या, म्हणजे वाचकाला तिच्यापासून दूर पळता येणार नाही.

दुसरीकडे, संयम रंगवायला कंटाळवाणा असतो या समजुतीतूनही बाहेर या. जॉर्जियाची तमार ११८४ साली एकटी गादीवर आली, तेव्हा सरदारांनी तिला वडिलांचे विश्वासू अधिकारी दूर करायला लावले आणि नवराही त्यांनीच निवडला. तिने दोन्ही मान्य केले. दोन-तीन वर्षांत पाय रोवल्यावर तिने त्या नवऱ्याला घटस्फोट देऊन देशाबाहेर काढले. तो बंडखोर सरदारांना हाताशी धरून परत आला, तेव्हा हरला. ११८४ मध्येच तिने बाणेदारपणे नकार दिला असता, तर प्रसंग झकास झाला असता आणि राज्य बहुधा गेले असते. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ पंचविसाव्या वर्षी राणी झाली, आणि तिच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होते बापाच्या आणि भावाच्या काळातली भेसळीची नाणी १५६०-६१ मध्ये मागे घेऊन खऱ्या चांदीची पाडणे. या गोष्टीवर पोवाडा कोणी रचला नसेल, पण मंडईतल्या बाईला राणी बदलल्याचे प्रथम तिथेच जाणवले असेल. तुमच्या बंदरात कोणाचे नाणे चालते, ते ठरवलेत का?

शेवटचा धनको तो, जो अजून जन्मलेला नाही. अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३२३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी वारला आणि त्याच्या सरदारांनी पुढली चाळीसेक वर्षे त्याचे साम्राज्य फाडून वाटून घेतले. अग्निगरुड फक्त तुमच्या राणीचेच ऐकत असतील, तर तिला साधा ताप आला तरी शहर घाबरेल. याविषयी या भागात फार लिहू नका; फक्त कोणीतरी तिला एकदा विचारू द्या आणि तिच्याकडे उत्तर नसू द्या.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. सिंहासनाच्या दृश्यापाशी अडला आहात, तर ते दृश्य तूर्त सोडून द्या. एका कोऱ्या वहीत राणीची देणी लिहून काढा : कोणाला काय कबूल केले, कोणत्या पानावर, आणि ते फेडायला काय लागेल. तिने कोणालाच काही कबूल केलेले नाही असे आढळले, तर मागे जाऊन पहिल्या २३० पानांत ती वचने पेरावी लागतील. हे काम वेळखाऊ आहे, पण दादांना जे खटकले ते इथेच दुरुस्त होईल. मग पगाराचा दिवस लिहा. थकबाकी मागणारा नायक, टोपल्या वाहणारी बाई आणि दप्तर राखणारा म्हातारा हे तिघे एकाच सकाळी तिच्या दारात येऊ द्या, आणि खजिन्यात तिघांपैकी फार तर दोघांपुरते असू द्या. राणीला त्या सकाळी भाषण देऊ नका.

हे प्रकरण दादांना वाचायला द्याल, तेव्हा शेवटचे पान काढून घ्या. राणी योग्य वागली की अयोग्य हे त्यांना विचारू नका, वयाचा विषयही काढू नका. तिच्या जागी ते असते तर आधी कोणाला दिले असते, एवढेच विचारा. त्यांना उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते पाहा, आणि मग काढून ठेवलेले पान त्यांच्या हातात द्या.